अप्पांनी कळवलं

बातमी आणि माणूस यांच्यामध्ये हल्ली कुणी उरलेलं नाही. दिल्लीत कुणी शिंकलं की ते डोंबिवलीत आपल्या खिशात थरथरतं. पूर्वी बातमीला घरी यायला वेळ लागायचा. वाटेत चार जण भेटायचे, ती थोडी वाढायची, थोडी गळायची, पण आपल्यापर्यंत पोचेतो तिला निदान एक चेहरा मिळालेला असायचा. आमच्या बिल्डिंगीत ही जुनी सोय अजून चालू आहे. ती पहिल्या मजल्यावर राहते. वय सत्याहत्तर, पायात रबरी सपाता, लेंग्यावर अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि आपल्याला वगळून कुठलीही बातमी जिना चढू शकत नाही अशी तिची ठाम समजूत आहे.

अप्पा तुमच्याही ओळखीचे असतील, नाव वेगळं असेल इतकंच. कुणाकडे ते मामा असतात, कुणाकडे सोसायटीचे माजी सेक्रेटरी, कुणाकडे खुद्द सासरे. गॅस महागला, मंत्री गेला, रविवारी मेगाब्लॉक आहे, हे त्यांना इतरांच्या आधी कळलेलं असतं आणि कळलेलं पोटात राहिलं तर जळजळ होते. औषध एकच: समोरच्याला सांगणे.

त्यांची बेल ओळखू येते. दोन आखूड, एक लांब. मोर्समध्ये त्याचं 'यू' होतं असं ते सांगतात. 'दार उघडा' एवढाच त्याचा अर्थ आहे, असं काकू सांगतात. दार उघडलं की अप्पा उंबऱ्याबाहेर उभे. नमस्कार नाही, 'आहात का घरात' नाही.

"कळलं का?"

इथे आपण काय म्हणायचं याचा शिष्टाचार ठरलेला आहे. "नाही बुवा! काय झालं?" असं म्हणायचं. खरं म्हणजे आपल्याला कळलेलं असतं. टीव्हीवर आलेलं असतं, मोबाइलवर तीन ठिकाणांहून येऊन पडलेलं असतं, मुलगा आतून ओरडून सांगत असतो. पण "हो, कळलं" असं म्हणून पाहा एकदा. अप्पांचा चेहरा असा पडतो की पुढचे दोन तास आपल्यालाच चैन पडत नाही. शिवाय सुटका होत नाहीच. परीक्षा सुरू होते.

"काय कळलं?"

"रेपो दर उतरला म्हणे."

"किती?"

"पाव टक्का असेल."

"अर्धा! सहावरून साडेपाच. आणि कर्जाचा हप्ता कधी उतरणार?"

आपण गप्प. मग अप्पा सपाता काढतात, आत येतात, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसतात आणि पहिल्यापासून सांगतात. हे २०२५ च्या जूनमधलं. हप्ता कधी उतरणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण प्रश्न त्यांनी विचारला होता, त्यामुळे उत्तराची जबाबदारी आमच्यावर.

बातम्यांच्या त्यांच्याकडे प्रती लावलेल्या आहेत. पेट्रोल, मेगाब्लॉक, शाळेला सुट्टी ही उंबऱ्यातली बातमी. उभ्याउभ्या सांगायची आणि पुढच्या दाराला जायचं. अर्थसंकल्प, निकाल, राजीनामे ही बसायची बातमी. आणि सरकार पडणं किंवा मोठं माणूस जाणं ही पाण्याची बातमी. पाणी मागायचं, अर्धं प्यायचं, पेला गुडघ्यावर ठेवायचा, समोरच्याला पुरेसं कासावीस करायचं, उरलेलं अर्धं संपवायचं आणि मग बोलायचं. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणानं अप्पांना इतकं पाणी पाजलं की काकूंनी शेवटी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन साखर तपासून आणली. साखर नव्हती. राजकारणच होतं.

या पाण्यापायी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं नुकसान झालं ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार, रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पाचशे-हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद झाल्या. अप्पांच्या आयुष्यात एवढी मोठी, एवढी ताजी आणि एवढी मुदतीची बातमी पूर्वी कधी आली नव्हती. ते तळमजल्यापासून निघाले. पण बातमी पाण्याची होती, म्हणजे प्रत्येक दारात पाणी. तिसऱ्या मजल्यावर पोचायला त्यांना साडेनऊ झाले. वहिनींना त्याच दिवशी भिशी लागली होती, सगळी पाचशेच्या नोटांत, आणि त्या निवांत मालिका पाहत बसल्या होत्या. "अप्पांनी जिन्यात एवढं पाणी प्यायलं नसतं तर माझ्या बांगड्या झाल्या असत्या," असं त्या हळदीकुंकवाला आजही सांगतात. अप्पांचं म्हणणं असं की इतकी वाईट बातमी धापा टाकत सांगणं बरं दिसत नाही.

त्याच आठवड्यात उत्तरेकडून मिठाच्या टंचाईची अफवा आली. कुठे दोनशे, कुठे चारशे रुपये किलोनं मीठ गेलं म्हणे. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही बायकांची गर्दी झाली. अप्पा वाण्याकडे गेले, मागच्या गोदामात डोकावून पोती डोळ्यांनी पाहून आले आणि दुपारभर दारोदार फिरले. "कळलं का? मीठ आहे." एवढंच. जे घडलेलंच नाही त्याची बातमी देत फिरणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण त्या दिवशी आमच्या बिल्डिंगीत कुणी जादा मीठ आणलं नाही हेही खरं.

त्यांची एक सवय मात्र सहन होत नाही. "ओळखा!" बातमी सरळ द्यायची नाही, कोडं घालायचं. कुणी गेलं असलं तरी. "कोण गेलं, ओळखा." आपल्या पोटात गोळा. "तुमच्या चांगल्या परिचयाचे." आपल्या डोळ्यांपुढे गावाकडचे काका, अतिदक्षता विभागातले मेव्हणे, सगळे येऊन जातात. "उंच. गोरे. आवाज भारदस्त." आपण भिंत धरतो. मग कळतं की ज्यांची नाटकं आपण तरुणपणी पाहिली असे कुणी नट होते, ब्याण्णव वर्षांचे होऊन झोपेत गेले. वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटतं आणि मग त्याचीच लाज वाटते. माझ्या बायकोनं एकदा त्यांना तोंडावर सांगितलं, "अप्पा, मेलेल्या माणसाची कोडी घालू नका." अप्पांनी मान डोलावली. पुढच्या वेळी विचारलं, "कोण राहिलं नाही, ओळखा."

या 'ओळखा'ला मला आठवणारा अपवाद एकच. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. वसंत पंचमीचा दुसरा दिवस. बेल वाजली ती आखूड नव्हती, लांब नव्हती, नुसतीच वाजली. अप्पा दारात उभे. "गेल्या," म्हणाले. ब्रीच कँडीत लतादीदी महिनाभर होत्या, त्यामुळे कोण ते विचारावं लागलं नाही. त्यांनी पाणीही मागितलं नाही. वरच्या मजल्यावर न जाता ते तसेच खाली उतरून घरी गेले, आणि दुपारपर्यंत त्यांच्या घरातला रेडिओ चालू होता. वरच्या लोकांना ती बातमी टीव्हीनं दिली.

आता हे असे का, याबद्दल माझा एक सिद्धांत आहे. अप्पांनी आयुष्यभर तार खात्यात नोकरी केली. बरीच वर्षं फोर्टातल्या मोठ्या तार ऑफिसात, मधे काही वर्षं घराजवळच्या ऑफिसात. आधी मोर्सची कडकट्ट, मग टेलिप्रिंटर, मग संगणक. म्हणजे तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत रोज शेकडो लोकांच्या बातम्या त्या लोकांच्याही आधी या माणसाला कळायच्या. कुणाला मुलगा झाला, कुणाची आई अत्यवस्थ, कुणाची नेमणूक झाली, कुणी पळून जाऊन लग्न केलं आणि आता आशीर्वाद मागतंय. सगळं कळायचं आणि एक अक्षर बोलायची सोय नव्हती. १८८५ चा तार कायदा. तारेतला मजकूर बाहेर फोडणं हा गुन्हा, शिक्षा तुरुंगाची. ज्या माणसाला मुळात सांगायची हौस, त्याला सरकारनं नेमकं न सांगण्याचा पगार दिला. निवृत्त झाले त्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडावेत तसे ते उघडले ते अजून बंद व्हायचे आहेत.

शब्दांचंही तेच. तारेत पैसे शब्दांवर पडायचे. अप्पा म्हणतात, घरोघरच्या दुःखातून विभक्ती प्रत्यय काढून टाकण्यात त्यांची हयात गेली. 'आई आजारी ताबडतोब ये.' बस. फॉर्मवर कुणी दोन ओळी खरडून आणल्या की अप्पा खिडकीतून पेन्सिलीनं खोडायचे आणि गरिबाचे पैसे वाचवायचे. तो सगळा वाचवलेला शब्दसाठा आता आमच्या दिवाणखान्यात खर्च होतो. जुन्या शिस्तीचा एकच अवशेष उरला आहे. सांगून झालं की ते उठतात, सपाता घालतात आणि म्हणतात, "कळवलं." काम संपलं. त्यावर चर्चा, उपाय, पुढे काय, हे त्यांच्या खात्यात येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी असंच येऊन सांगितलं, "कळलं का? मराठीला अभिजात दर्जा मिळाला." मी म्हटलं, "वा! मग आता?" अप्पांनी थोडा विचार केला. "आता काय? कळवलं."

पण या माणसाला चुगलखोर म्हणाल तर मी भांडेन. अप्पा जगाची बातमी सांगतात, माणसाची नाही. त्याची एक जुनी गोष्ट आहे. १९८५ च्या सुमाराची, मी शाळेत होतो. तळमजल्यावरच्या घरातला मुलगा दहावीत नापास झाला आणि निकालाच्या संध्याकाळी घरातून निघून गेला. चार दिवस पत्ता नाही. त्याची आई ओट्यावर बसून. न जेवण, न झोप. पोलिसांत वर्दी दिली, नातेवाईक स्टेशनं पालथी घालत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी अप्पा कामावरून आले. घरात न जाता कंपाउंडमध्ये येरझाऱ्या घालू लागले. फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे. काकूंनी चहाला हाक मारली तर "नको" म्हणाले. मुलाच्या आईनं विचारलं, "भावजी, काही कळलं का हो?" तर अप्पांनी मान हलवली. हो की नाही ते कुणालाच समजलं नाही.

पाऊण तासानं तारवाला सायकलवरून आला. त्याला पाहताच आईनं हंबरडा फोडला, कारण त्या काळी तार म्हणजे एकच अर्थ होता. अप्पा धावत पुढे गेले, "वहिनी, आधी वाचा, आधी वाचा," असं ओरडत. मुलगा सुरतेला मावशीच्या दिराकडे सुखरूप होता. मग अप्पा तारवाल्याकडे वळले आणि त्याला इतकं झापलं की त्याला काही सुचेना. "इतका वेळ? वाटेत चहा पीत बसलास?"

दोन दिवसांनी त्या बाईंच्या ध्यानात आलं. तार अप्पांच्याच ऑफिसात उतरली होती. माणूस पाऊण तास डोळ्यांसमोर फिरत होता आणि बोलला नाही! वर्षभर त्यांनी अप्पांशी अबोला धरला. संक्रांतीला तिळगूळसुद्धा मुलाच्या हाती पाठवला. अप्पांनी एकदाच खुलासा केला, तोही माझ्या वडिलांपाशी. "तार माझी नव्हती."

२०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला आणि १८८५ च्या कायद्याला सुट्टी मिळाली. ही बातमीही अर्थात अप्पांनीच आणली, बसून सांगायच्या प्रतीची. मी म्हटलं, "मग आता बोलायला हरकत नाही. सांगा की जुन्या तारांतलं काही. कोण पळून गेलं होतं, कुणाची बदली कुणी रद्द करवली..." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ऑफिसात लाच घेऊन आलोय.

"कायदा गेला हो," ते म्हणाले, "मी कुठे गेलोय?"

गुपित मात्र त्यांना सांगू नये. फुटेल म्हणून नव्हे. ते बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणं आख्ख्या बिल्डिंगीला ऐकू जातं. पुनर्विकासासाठी बिल्डरचा पहिला देकार आला तेव्हा कमिटीनं ठरवलं की सभेपर्यंत वाच्यता नको. अप्पा कमिटीत. लगेच त्यांची बेल थांबली. जिन्यात कुणी भेटलं की ते छताकडे बघायचे आणि घशातल्या घशात नाट्यपदासारखं काही गुणगुणायचे. दूधवाल्यानं दर वाढवला तेसुद्धा सांगायला आले नाहीत, एक सांगताना दुसरं निसटेल म्हणून. आठवड्याच्या आत सगळ्यांना समजलं की देकार आलाय, आणि अप्पा नाट्यपद ज्या पट्टीत गुणगुणत होते त्यावरून चटईक्षेत्र बरं मिळतंय असाही अंदाज निघाला.

तार बंद झाली त्या दिवसाची गोष्ट ते स्वतः सांगत नाहीत, काकू सांगतात. १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तारेची लाईन चालू झाली, आणि १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. तेव्हा अप्पा निवृत्त झालेले होते. रविवार होता, पाऊस होता. ते सकाळीच लोकल पकडून फोर्टात गेले. जन्मात कधी तार न केलेली तरुण मुलं आठवण म्हणून तार करायला रांगा लावून उभी होती. मोबाइलवर फॉर्मचे फोटो काढत होती. अप्पा रांगेत उभे राहिले, आणि ज्या खिडकीच्या आत इतकी वर्षं बसले तिच्या बाहेरून त्यांनी फॉर्म आत सरकवला. तार काकूंना. मजकूर: 'रात्री उशीर होईल जेवून घे.' बाकी लोक इतिहासाला उद्देशून काहीबाही लिहीत होते. अप्पांनी कामाचं लिहिलं.

तार मंगळवारी आली. काकूंनी ती पंचांगात घडी घालून ठेवली आहे. "जेवले होते हो मी तोवर," एवढंच त्या म्हणतात.

व्हॉट्सॲपनं अप्पांचं राज्य गेलं असं लोकांना वाटतं. मुलानं त्यांना चांगला फोन घेऊन दिला, सोसायटीच्या ग्रुपात घातलं. अप्पा ग्रुपवर काही टाकत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दोन निळ्या खुणा येतात. त्यात तोंड कुठे दिसतं?" खरं आहे. अप्पांना बातमी पोचवायची नसतेच, ती पोचताना बघायची असते. भुवया वर जाताना, हात गालावर येताना, "काय सांगता!" म्हणताना. फॉरवर्ड आलेल्या गोष्टी ते तर मुळीच सांगत नाहीत. "कुठून निघाली? किती वाजता? पाठवणाऱ्याचं नाव?" या तीन प्रश्नांत जे बसत नाही ते त्यांच्या लेखी कचरा. ग्रुपवर एका गृहस्थांनी हळदीनं सगळे रोग बरे होतात असं टाकलं, तेव्हा अप्पांनी त्यांच्या घरी जाऊन पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. ते गृहस्थ म्हणाले, "माहीत नाही, आलं ते पुढे पाठवलं." अप्पा त्यांच्याकडे पाणी न पिता उठले. तेवढा एक अपमान त्यांना करता येतो.

म्हणून २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ त्यांच्या इतकी जिव्हारी लागली. आदल्या रात्री मुंबईत बैठक झालेली, सकाळच्या पेपरात ठळक मथळा: उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. अप्पा पेपर वाचून फिरायला निघाले आणि वाटेत भेटेल त्याला कळवत गेले. दूधवाला, वॉचमन, बागेतले हास्यक्लबवाले. आठ वाजून गेले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला त्यांनी बातमी दिली. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते.

"कुठला पेपर वाचता ओ काका?"

अप्पा तडक घरी आले आणि दार लावून बसले. संध्याकाळच्या कट्ट्यावरही आले नाहीत. त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राचे पेपर चुकले होते, पण अप्पांना वाटलं खातं बुडालं. चौथ्या दिवशी ते सरकार गेलं आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांचा शपथविधी झाला. शपथ पुरी व्हायच्या आत आमची बेल वाजली. दोन आखूड, एक लांब.

"कळलं का? मी शनिवारीच सांगितलं होतं."

भाजीवालीकडे ते खास जाऊन आले. तिनं त्यांना कोथिंबीर फुकट दिली म्हणतात.

करोनात लोकांनी दारं लावून घेतली तेव्हा आता अप्पांचं कसं होणार अशी आम्हाला काळजी पडली. पहिले काही दिवस ते गॅलरीत उभे राहून वरच्या गॅलऱ्यांकडे तोंड करून सांगायचे. जिल्ह्यात किती, राज्यात किती. मग २०२१ चा एप्रिल आला, दुसरी लाट, आणि त्यांनी आकडे सांगणं बंद केलं. कुणी गेलं तर बोलत नसत. फक्त जे बरे होऊन आले त्यांची बातमी देत. "कळलं का? चौथ्या मजल्यावरचे आजोबा घरी आले. ऑक्सिजन काढला." "समोरच्या विंगेतली सून परत आली. जेवली." अर्ध्या बातम्या देत होते म्हणा ना. आम्हीही उरलेली अर्धी विचारली नाही.

सगळ्यात मोठी तक्रार मी शेवटी ठेवली आहे, कारण अप्पाही ती शेवटीच ठेवतात. जगातली जी बातमी आपल्या खरोखर कामाची, तिची त्यांच्या लेखी किंमत शून्य. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं. अप्पांनी ते वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. इस्त्रीवाला घाबरून म्हणाला, "काका, मी नाही हो वाढवले, पहिलेच घेतोय." आमच्याकडे बसून त्यांनी कापड, कोळंबी, हिरे असा एकेक माल घेतला, कुणाचं किती बुडणार ते सांगितलं, चहा झाला, पाणी झालं. मग उठले, "कळवलं" म्हणाले, सपाता घातल्या, दोन पायऱ्या उतरले आणि तिथून मागे न वळता म्हणाले, "आणि हो, उद्या दिवसभर पाणी नाही." रात्रीचे साडेनऊ. नळ नऊलाच गेलेला. बायको माझ्याकडे बघायला लागली. जणू आयातशुल्क मीच लावलं होतं.

गेल्या चैत्रातली गोष्ट. अप्पांच्या पुण्याच्या नातीचं लग्न ठरलं. काकूंनी ते हिला तीन आठवडे आधी सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, तळमजल्यावर सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी बजावलं की ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तारीख पक्की होऊ दे, नाहीतर हे महिनाभर छताकडे बघत गुणगुणत फिरतील. शेवटी तारीख निघाली, हॉल मिळाला आणि एका शनिवारी रात्री मुलानं फोन करून अप्पांना अधिकृतपणे कळवलं. काकू म्हणतात, रात्रभर ते पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर.

रविवारी सकाळी सातला बेल. हातात पेढ्यांचा पुडा. उंबऱ्यातली बातमी नव्हती, बसायचीही नव्हती. पाणी मागितलं.

"ओळखा!"

मी दोन चुकीची उत्तरं दिली. हिनं एक दिलं. मग त्यांनी सांगितलं आणि आम्ही दोघं "काय सांगता!" म्हणालो. हिनं हात गालावर नेला. कोचावर लग्नासाठी घेतलेल्या पैठणीची पिशवी पडली होती, तिच्यावर मी पेपर पसरला. वर तिसऱ्या मजल्यावरही "काय सांगता!" झालं, जरा जास्तच जोरात, वहिनींना अभिनयाचं अंग आहे. तळमजल्यावर तर टाळ्या वाजल्या. सगळं यथासांग चाललं होतं. फक्त चौथ्या मजल्यावर नवा भाडेकरू आला होता, इंजिनियरिंगचा पोरगा. त्याला कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं. तो दात घासत दारात आला आणि म्हणाला, "हो काका, अभिनंदन. काकूंनी सांगितलं होतं ना. सगळ्यांना माहितीये."

अप्पा त्याच्या हातावर पेढा ठेवून तिन्ही मजले उतरले. वाटेत कुणाकडे थांबले नाहीत. घरी येऊन खुर्चीवर बसले, काकूंकडे पाणी मागितलं. अर्धं प्यायले, पेला गुडघ्यावर ठेवला. उरलेलं अर्धं संपवलं.

"कळलं का?" ते म्हणाले. "सगळ्या बिल्डिंगीला आधीच माहीत आहे."

काकूंनी हातातली लसूण खाली ठेवली, भुवया होतील तेवढ्या वर नेल्या आणि म्हणाल्या, "काय सांगता!"